केमिस्ट्री घेऊन काय करणार?

आपल्या घरांत बारावी सायन्सचा निकाल लागला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. नव्वदच्या वर टक्के असतील तर, "नीट दिली होती का?" सत्तर-ऐंशी असतील तर, "फार्मसीला नंबर लागेल ना?" आणि त्याहून कमी असतील तर मुलाला पासपोर्ट काढायला सांगतात आणि मुलीसाठी डी.एड.चा फॉर्म आणतात किंवा स्थळे बघायला लागतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीने यंदा या यादीबाहेरचे उत्तर दिले. तिला चांगले मार्क पडले होते आणि घरात मिठाई वाटून झाली होती. सगळे तिच्याकडे बघत असताना ती म्हणाली, "मला केमिस्ट्री करायची आहे."

माझी अम्मी, म्हणजे तिची नानी, लगेच खूश झाली. "केमिस्ट व्हायचंय होय? अल्हमदुलिल्लाह. बाजारात मेडिकल टाक, घराजवळ राहशील." यात अम्मीचा काही दोष नाही. आपल्याकडे प्रत्येक औषधाच्या दुकानावर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' अशी पाटी असते आणि केमिस्ट म्हणजे गोळ्यांचे पान कापून देणारा, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दुकान नाही, फार्मसी नाही, इंजिनिअरिंगही नाही, नुसती केमिस्ट्री, हे कळल्यावर घरात जी शांतता पसरली तिच्यातून पहिला प्रश्न आला तो माझ्या भावाचा: "केमिस्ट्री घेऊन काय करणार?"

उत्तर शोधायचे काम माझ्याकडे आले. मी हायस्कूलला उर्दू आणि मराठी शिकवते, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण आपल्या समाजात घरात एक बी.एड. झालेली बाई असली की रेशनकार्डापासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळे फॉर्म तिचेच असतात. कुवेतहून दुल्हाभाईंचा निरोप आला, "बाजी, तुम्ही बघा. तुम्ही सांगाल ते करू." एवढे ओझे मला कुठल्याही पर्यवेक्षणात वाटले नव्हते.

भाचीला या विषयाची गोडी कुठून लागली ते मला अर्धे ठाऊक होते. ती दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. अकरावीत सगळे एकदम इंग्रजीत आले आणि वर्गातल्या मुली आपसांत मराठीत बोलायच्या. पहिले तीन महिने ती रोज रडायची. तेव्हा मी तिला वहीत तीन रकाने आखून दिले होते. 'उन्सुर', 'मूलद्रव्य', 'एलिमेंट'. 'मुरक्कब', 'संयुग', 'कंपाउंड'. 'आमेजा', 'मिश्रण', 'मिक्स्चर'. 'सालिमा', 'रेणू', 'मॉलिक्यूल'. गंमत अशी की मराठीत अणू म्हणजे अॅटम आणि हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल. यूट्यूबवर हिंदीतून शिकणारी आणि कॉलेजात मराठी ऐकणारी आपली मुले इथे हमखास घसरतात आणि मुलाला विषय कळत नाही असे शिक्षक ठरवून मोकळे होतात. विषय कळलेला असतो, शब्द अडवतो. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शंभर वर्षांपूर्वी विज्ञान उर्दूतून शिकवायचे म्हणून एक अख्खे दारुल तर्जुमा उभे केले होते. तिथे एकेका शब्दावर विद्वानांच्या बैठका होत. आमच्या घरी ते काम स्वयंपाकघरातल्या पाटावर चालले होते.

त्या वहीतच एकदा तिने मला विचारले की अल्कली, अल्कोहोल या शब्दांच्या सुरुवातीला 'अल' का येते. मी सांगितले की ते अरबीच आहेत. 'अल-कली' म्हणजे वनस्पती जाळून उरलेली क्षारयुक्त राख. 'अल-कुहल' म्हणजे सुरमा. सुरम्यासारखी अतिशय बारीक पूड करणे, मग एखाद्या पदार्थाचा अर्क काढणे, असा अर्थ सरकत सरकत तो शब्द युरोपात जाऊन दारूला चिकटला. हे ऐकून ती नानीच्या सुरमेदानीकडे बघून हसत सुटली होती. (लॅबमध्ये 'शराब' हाताळावी लागते का, ही अम्मीची शंकाही त्याच दिवशी निघाली. ते पिण्यासाठी नसते, पदार्थ विरघळवायला असते, हे तिला पटायला दोन जेवणे लागली.)

राहिलेले अर्धे कारण मला या मे महिन्यात कळले. ते पुढे सांगते.

आधी रस्त्यांविषयी, कारण आपल्या बहुतेक पालकांना हे रस्ते एकच वाटतात. मलाही ते वेगळे करून मांडायला आठवडा लागला. रसायनांशी संबंधित पदव्या पाच-सहा प्रकारच्या आहेत आणि त्यांत खरा फरक कामाचा आहे. बी.एस्सी. केमिस्ट्रीवाला विचारतो की हा पदार्थ असा का वागतो, त्यातून दुसरा कसा बनेल. केमिकल इंजिनिअर विचारतो की हाच पदार्थ दिवसाला पाच टन कसा बनवायचा, तोही स्फोट न होता आणि परवडेल अशा खर्चात. घरी पातेल्यात उत्तम बिर्याणी करणारी बाई लग्नाच्या देगेला हात लावत नाही, तिथे भटारी लागतो. मसाला तोच असतो, पण देगेच्या मध्यभागी उष्णता कशी पोहोचेल, खाली लागणार नाही ना, वाफ किती कोंडायची, हे वेगळेच शास्त्र आहे. कारखान्यात याच्या उलटी अडचण असते. तिथे पदार्थ स्वतःच तापतो आणि ती उष्णता मोठ्या भांड्यातून वेळेत बाहेर काढणे हा जिवाचा प्रश्न होतो.

या दोहोंच्या मध्ये केमिकल टेक्नॉलॉजी येते. तिचे आपल्या राज्यातले जुने घर म्हणजे माटुंग्याची आयसीटी. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली, जुनी माणसे अजून तिला यूडीसीटी म्हणतात. रंग, तेले, औषधे, पॉलिमर, खाद्यपदार्थ, कापड, अशा एकेका उद्योगाची वेगळी बी.टेक. तिथे मिळते. आता जालन्यालाही तिचे केंद्र आहे. या सगळ्याला सीईटीत गणिताचा गट लागतो. पीसीएम गटात गणित 100 गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्री 50-50 गुणांची. आणि इथेच आपल्या निम्म्या मुलींचा रस्ता बंद होतो, कारण अकरावीला प्रवेश घेताना कुणीतरी सांगितलेले असते, "मुलगी आहे, बायोलॉजी घे, गणित कशाला?" भाचीने दोन्ही विषय ठेवले होते. ते तिचे नशीब नव्हे, तिच्या दहावीच्या गणिताच्या बाईंची जिद्द. त्या घरी येऊन बसल्या होत्या.

फार्मसीचा आग्रह माझ्या भावाचा होता आणि त्याचे म्हणणे फेकून देण्यासारखे नव्हते. बी.फार्म. केले की फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते, हातात परवाना येतो. केमिस्ट्रीच्या पदवीला असा कुठलाही परवाना नाही. ही तिची खरी कमजोरी आहे आणि ती पालकांपासून लपवू नये असे मला वाटते. पण फार्मसी ही केमिस्ट्रीची सोपी आवृत्ती आहे हा समज चुकीचा. तिथे औषध शरीरात काय करते, गोळी कशी बांधायची, किती दिवस टिकते, कायदा काय सांगतो, हे सगळे असते. केमिस्ट्री त्यातला एक भाग. जिला विषय आवडतो तिला तिथे बसवणे म्हणजे उर्दू शायरी आवडणाऱ्या मुलाला कातिबाच्या हाताखाली ठेवण्यासारखे आहे. कातिब होणे चांगलेच, पण त्याला ते हवे होते का?

साध्या बी.एस्सी.बद्दल मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तो रविवारी घरी आला आणि त्याने काहीही न झाकता सांगितले. तीन वर्षांची बी.एस्सी. करून आलेल्या मुलाला ट्रेनी म्हणून घेतात. आलेला कच्चा माल तपासायचा, टायट्रेशन करायचे, यंत्रातून आलेला आलेख वाचायचा, नोंदवहीत एकही खाडाखोड न करता लिहायचे. पगार सुरुवातीला किती, हे ऐकून फोनवरचे दुल्हाभाई गप्प झाले. एम.एस्सी. केल्यावर दारे उघडतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाले संशोधन विभागात जातात, अॅनालिटिकलवाले तपासणीत वर चढतात. "टीचर," तो म्हणाला, "केमिस्ट्रीत अर्ध्यावर उतरणाऱ्याचे हाल होतात. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायची तयारी असेल तर चांगली लाईन आहे." तारापूर, महाड, रोहा, लोटे, कुरकुंभ, या सगळ्या वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत आणि आपली मुले तिथे हेल्पर, ड्रायव्हर, कंत्राटी कामगार म्हणून पुष्कळ दिसतात. प्रयोगशाळेत मात्र, तो म्हणाला, हाताच्या बोटांवर मोजावीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने बी.एस्सी.चे गणितही बदलले आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. चार वर्षे केली तर पुढची एम.एस्सी. एका वर्षाची. पण गावच्या कॉलेजात चौथे वर्ष आहे का, त्यासाठी शिक्षक आहेत का, हे प्रवेशाच्या आधी विचारायला हवे. आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात मी विचारले तर लिपिक म्हणाले, "तीन वर्षांनी बघू."

पाचवा रस्ता आमच्या गावात कुणाला माहीतच नव्हता. आयसर. केंद्र सरकारच्या या विज्ञान संस्था देशात सात आहेत. पुण्याची 2006 साली पाषाणला सुरू झाली, 1950 पासून असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अगदी शेजारी. बारावीनंतर पाच वर्षांत बी.एस. आणि एम.एस. दोन्ही. आधी सगळी मूलभूत विज्ञाने, मग आपला मुख्य विषय. प्रवेशासाठी त्यांची वेगळी परीक्षा असते. 60 प्रश्न, त्यांत बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित, फिजिक्स यांचे पंधरा-पंधरा, एकूण 240 गुण. भाचीच्या कॉलेजातल्या एका सरांनी तिच्याकडून तो फॉर्म भरून घेतला होता. घरात कुणाला पत्ता नव्हता.

आता ते अर्धे कारण. भाचीचे दादा तरुणपणी जहाजावर खलाशी होते, मग तीस-पस्तीस वर्षे त्यांनी खाडीत होडी चालवली. बोय, काळुंदर, तांबोशी, कोळंबी. त्यांच्या बोलण्यात हे मासे असे येतात जशी दुसऱ्यांच्या बोलण्यात नातेवाइकांची नावे. भाची आठवीत असताना एका सकाळी खाडीवर मेलेले मासे तरंगत आले. त्याआधीही असे झाले होते. बाटल्या घेऊन माणसे आली, पाण्याचे नमुने नेले आणि काही महिन्यांनी मच्छीमार सोसायटीच्या कपाटात एक इंग्रजी कागद येऊन पडला. मोहल्ल्यातल्या कुणालाही तो वाचता आला नाही. अक्षरे कळत होती, पण पीएच आणि सीओडी म्हणजे काय ते कोण सांगणार?

मेमध्ये भाचीने त्या कागदाची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. बारावीचा अभ्यास करता करता तिने ती सोसायटीतून मागून आणली होती. "खाला, हे बघ. पीएच 7 वरून 5 वर आला तर आपल्याला वाटतं दोनचाच फरक. पण तो लॉगचा आकडा आहे. आम्लपणा शंभर पट वाढतो." मग सीओडी. पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळून संपवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे ते माप. कारखान्याचे पाणी सोडताना ते लिटरला 250 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा नियम आहे. कागदावरचा आकडा त्याच्या कितीतरी वर होता. अशी घाण कुजताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि मासे पाण्यात असूनही गुदमरतात. "दादा म्हणायचे पाण्यात जहर आहे. जहर असेलही, पण त्यांचा श्वास बंद झाला होता, खाला. हे इथे लिहिलंय. चार वर्षं कपाटात होतं."

हे तिने सगळ्यांसमोर सांगितले तेव्हा तिचा एक चाचा चिडला. तो त्याच वसाहतीत बॉयलरवर आहे. "त्या कारखान्यांनी खाडी मारली म्हणतेस आणि शिकणार तेच? आणि माझं घर कशावर चालतं?" दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आमच्या मोहल्ल्यात एका घरात जाळे रिकामे येते आणि शेजारच्या घरात त्याच धुराड्याचा पगार येतो, कधी कधी दोन्ही एकाच घरात. भाची म्हणाली, "चाचा, कारखाना बंद करा असं मी म्हणत नाही. पण आपल्यातल्या कुणाला ते पाणी मोजता यायला नको का?"

त्यानंतर 'काय करणार' हा प्रश्न घरात पुन्हा निघाला, पण त्याचा सूर बदलला होता.

मी तिला आणखी काही गोष्टी सांगितल्या, कारण जलशांत आपण जाबिर बिन हय्यानचे नाव घेतो, टाळ्या वाजतात आणि मग गोष्ट तिथेच थांबते. बाराशे वर्षे मागे जायची गरज नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी बर्लिनहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि 1935 साली मुंबईत सिप्ला काढली. त्यांचे चिरंजीव यूसुफ हमीद केंब्रिजला केमिस्ट्रीच शिकले. आज तिथल्या रसायनशास्त्र विभागाला त्यांचे नाव आहे. 2001 साली एड्सवरच्या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता तेव्हा सिप्लाने तेच तिहेरी औषध गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला 350 डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केले. हे कसे जमले? आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या बाबतीत पेटंट पदार्थाला नव्हते, तो बनवण्याच्या पद्धतीला होते. म्हणजे मुक्कामाचे गाव तेच, पण तिथे दुसऱ्या वाटेने जाऊन दाखवले तर कायद्याची हरकत नव्हती. ती दुसरी वाट शोधायचे काम केमिस्टचे. 2005 पर्यंत हा कायदा होता आणि तेवढ्या वर्षांत आपल्या केमिस्टांनी अशा शेकडो वाटा काढल्या. आपण पानातून कापून घेतो त्या स्वस्त गोळीमागे तो इतिहास आहे.

आणि सलीमुज्जमान सिद्दीकी. माझ्यासारख्या उर्दूवाल्यांना ते जवळचे वाटावेत, कारण अलीगढला ते फारसी आणि तत्त्वज्ञान शिकले, केमिस्ट्री नंतर जर्मनीत. हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनाने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी सर्पगंधेच्या मुळांवर काम केले आणि 1931 साली त्यातून हृदयाच्या ठोक्यांवर काम करणारे एक द्रव्य वेगळे काढले. त्याला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन म्हणतात. भाचीला मात्र तिसरे नाव जास्त आवडले. ओमर यागी, 2025 चे केमिस्ट्रीचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतले एक. अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातला मुलगा, पंधराव्या वर्षी अमेरिकेत पोहोचला आणि सुरुवात केली ती एका साध्या कम्युनिटी कॉलेजातून. वाळवंटातल्या हवेतूनही पाणी ओढून घेतील असे जाळीदार पदार्थ त्यांनी घडवले. म्हणून गावच्या कॉलेजात बी.एस्सी. करणे कमीपणाचे आहे असे मी कुणाला म्हणणार नाही. तिथून आयआयटीची जॅम परीक्षा देऊन मोठ्या संस्थेत एम.एस्सी.ला जाता येते. ज्यांना दूर जाता येत नाही त्यांच्यासाठी तो रस्ता खुला आहे.

जूनच्या अखेरीस आयसरच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या. पुणे मिळाले नाही. मिळाले भोपाळ.

माझी बहीण खाली बसली. "भोपाळ? जिथं गॅस फुटला तिथं?" तिच्या मनात भोपाळची एवढीच ओळख होती. खरे तर ती ओळख पुसण्यासारखीही नाही. 1984 च्या डिसेंबरातल्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले. टाकीत सुमारे 40 टन द्रव होता. पाण्याशी तो तापू लागला, थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करून ठेवली होती आणि वाफ जुन्या शहराच्या वस्त्यांवर पसरली. त्यांत गरीब घरे होती आणि पुष्कळ आपलीही होती. मी तिला देगेची गोष्ट पुन्हा सांगितली. म्हटले, ज्या शहराने हे सोसले तिथे बसून केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीला सुरक्षिततेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. आणि भोपाळ म्हणजे फक्त गॅस नव्हे, ते बेगमांचे शहर. तिथल्या सुलतान जहाँ बेगम अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या.

पैशाचा प्रश्न यापेक्षा अवघड निघाला. फी, वसतिगृह, जेवण मिळून वर्षाला लाखाच्या पुढे आकडा जात होता. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार होती. दुल्हाभाई म्हणाले, "बाजी, सूद नको. उपाशी राहीन, पण सूद नको." या बाबतीत घराघरांत वेगवेगळी मते आहेत आणि मजबुरीत काहींनी कर्ज घेतलेही आहे. मी त्यांच्यावर बोट ठेवणार नाही. पण ज्याला घ्यायचे नाही त्याला 'जुन्या विचारांचा' म्हणून गप्प करू नये. त्याला दुसरा रस्ता दाखवावा. आम्ही शोधायला बसलो. केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या मुलांना वर्षाला 80,000 रुपये, त्यांतले 60,000 हातात आणि 20,000 संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग आणि फार्मसीला ती मिळत नाही, बी.एस्सी. आणि आयसरला मिळते. 'नुसती केमिस्ट्री' म्हणून ज्या पदवीला आम्ही नाक मुरडत होतो तिलाच वजिफा होता! मात्र अर्ज प्रवेशानंतर करायचा असतो आणि पैसे यायला वेळ लागतो, म्हणजे पहिले वर्ष पदरचेच.

ज्यांना बी.टेक. किंवा फार्मसीला जायचे आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट इथेच सांगते. 2024-25 पासून महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मोमीन, अत्तार, तांबोळी, बागवान, पिंजारी अशा आपल्या कितीतरी जमाती ओबीसी यादीत आहेत आणि तरी जातीचा दाखला वेळेत काढलेला नसतो. तो निकालानंतर काढायला धावू नका, दहावीतच काढून ठेवा.

आमच्या पहिल्या वर्षाची सोय अशी झाली: थोडे दुल्हाभाईंचे, थोडे माझ्या भिशीचे आणि उरलेले माझ्या भावाकडून कर्जे हसना म्हणून. होय, 'काय करणार' विचारणाऱ्या त्याच भावाकडून. कागदावर लिहून, दोन साक्षीदारांसह, परतफेडीच्या तारखेसह. नात्यातला व्यवहार लिहून ठेवावा हे आपल्याला शिकवलेलेच आहे, आपण फक्त लाजतो.

तरीही शेवटचा होकार अडला होता. मुलगी एवढ्या दूर. जेवण कसले मिळेल, नमाजेला जागा असेल का, वसतिगृहात कोण असेल. मी संस्थेच्या कार्यालयात फोन केला, तिथे शिकणाऱ्या एका मुलीचा नंबर मिळवला आणि बहिणीला तिच्याशी बोलायला दिला. अर्धा तास बोलल्या. स्कार्फबद्दलही त्याच मुलीने सांगितले: सुती वापरायचा, सिंथेटिक नको, टोके एप्रनच्या आत खोचायची, लोंबता दुपट्टा बर्नरजवळ कुणाचाच चालत नाही, गॉगल सगळ्यांनाच. बहीण थोडी सैल झाली. पण दुल्हाभाई अजून "बघू" म्हणत होते.

तेव्हा दादा बोलले. आठवडाभर ते ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी फोन मागून घेतला आणि मुलाला म्हणाले, "मी अठराव्या वर्षी जहाजावर चढलो. नऊ-नऊ महिने घरी चिठ्ठी नसायची. तू कुवेतला गेलास तेव्हा तुला तिथली भाषा येत होती का? आपल्या घरातलं माणूस पोटासाठी कुठंही गेलेलं चालतं. पोरगी शिकायला रेल्वेनं एक रात्र जाते, तर तुम्ही सगळे बुडाल्यासारखे काय करता?" पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दुल्हाभाई म्हणाले, "तिला पक्की सुटकेस घेऊन द्या. स्वस्तातली नको."

ऑगस्टमध्ये ती गेली. बहीण आणि मी कल्याणपर्यंत सोबत होतो, पुढे माझा मुलगा. मोहल्ल्यातली तिची मैत्रीण तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला लागली आहे, रोज एसटीने जाते. दोघी रात्री फोनवर एकमेकींना अभ्यास विचारतात आणि इकडचीच कधी कधी तिकडचीला समजावते, हे मी ऐकले आहे. इन्स्पायरचा अर्ज कागदपत्रे गोळा करण्याच्या टप्प्यावर आहे.

परवा भाचीचा फोन आला. पहिल्या प्रात्यक्षिकात टायट्रेशन होते. शेवटच्या एका थेंबाने पांढरे पाणी एकदम गुलाबी होते, तो थेंब तिचा दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा जमला. मेसमधली डाळ गोड नसते म्हणून ती खूश आहे. जुन्या शहरात एक मुलगी तिला घेऊन जाणार आहे. मग तिने विचारले, खाडीचे पाणी आता कसे आहे? मी दादांना विचारून सांगितले की पूर आहे, वरून लाल माती येतेय, पावसाळ्यात काही कळत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतील, तेव्हा बघू. ती म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत येते, दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या ठेव, प्लास्टिकच्या नकोत.